दिवा शांत झाला, एवढ्याने काय कळले?

ढोकी हे रस्त्यावरचे गाव. बार्शी-लातूर रस्ता इथून जातो, तेरकडे आणि कळंबकडे जाणाऱ्या वाटा जवळच फुटतात, आणि तेरणा साखर कारखान्यामुळे ऊस वाहणारी वाहने या परिसराच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीची आहेत. अशा गावात गाडी ही चैनीची वस्तू राहत नाही. ती उभी राहिली की भाडे बुडते, बाजार चुकतो, आणि रात्री-अपरात्री पेशंटला धाराशिवला किंवा लातूरला हलवायचे असेल तर जिवावर बेतते. म्हणून अशा गावातल्या गॅरेजात येणारी एक साधी तक्रार मला फार विचार करण्याजोगी वाटते. मीटरमधली लाइट फडफडते, ही ती तक्रार. दिवा पूर्ण गेला असता तर काम सोपे होते. बल्ब जळला असेल, फ्यूज उडाला असेल, वायर तुटली असेल. दोष एका जागी बसून असतो आणि शोधणारा सवडीने त्याच्यापर्यंत पोचतो. फडफडणारा दिवा असा सापडत नाही. रस्त्यावर तो दहा वेळा लुकलुकतो आणि मिस्त्रीसमोर गाडी लावली की स्थिर जळतो. मालक शपथेवर सांगतो की येताना होत होते. मिस्त्रीला काहीच दिसत नाही. मग बॅटरी बदलली जाते. दोन दिवस दिवा शांत राहतो आणि पुन्हा सुरू होतो. मग डायनामो बदलला जातो. या वेळी तो शांत होतो आणि शांतच राहतो. पैसे चुकते होतात आणि दोघेही म्हणतात, दोष डायनामोत होता.

या शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. दिवा शांत झाला ही घडलेली गोष्ट आहे. दोष डायनामोत होता हे अनुमान आहे. आणि पहिलीवरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. नवस बोलला आणि ताप उतरला, अंगारा लावला आणि मूल रडायचे थांबले, शांत केली आणि मुलीचे लग्न जुळले, या सगळ्या बोलण्याची घडण अगदी अशीच आहे. आधी त्रास होता, मग आपण काही केले, मग त्रास गेला, म्हणून आपण जे केले त्यानेच तो गेला. जो त्रास मुळातच येणारा-जाणारा आहे त्याच्या बाबतीत हा विचार सर्वांत जास्त फसवतो, कारण तो आपण काहीही न करताही काही काळ जाणारच होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला मिळते. माझे म्हणणे असे: येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाचे कारण कळले, असे म्हणण्याचा हक्क त्यालाच आहे ज्याला तो दोष आपल्या हाताने पुन्हा उभा करता येतो आणि पुन्हा घालवता येतो. ज्याला हे जमलेले नाही त्याने उपाय केला असेल, निदान केलेले नाही. हा निकष मी गॅरेजातून उचलत असलो तरी तो आपल्याच विचारपरंपरेत फार पूर्वीपासून आहे, आणि श्रद्धेच्या नावाने केल्या जाणाऱ्या दाव्यांनाही तो लावलाच पाहिजे.

आधी दिवा नीट पाहू. डॅशबोर्डवर दोन जातींचे दिवे असतात. रात्री मीटरचे आकडे दिसावेत म्हणून मागून उजेड देणारे एक, आणि ऑइल, ब्रेक, बॅटरी यांचा इशारा देणारे दुसरे. यांतल्या बॅटरीच्या लाल चिन्हाविषयी सर्रास गैरसमज आहे. ते लागले की बॅटरी गेली असे समजले जाते. जुन्या धाटणीच्या गाड्यांत त्या बल्बची एक बाजू चावीच्या स्विचमधून बॅटरीला जोडलेली असते आणि दुसरी डायनामोला; म्हणजे पुस्तकात ज्याला अल्टरनेटर म्हणतात आणि गॅरेजात अजूनही डायनामोच म्हणतात त्याला. दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की बल्बमधून प्रवाह वाहायला कारणच उरत नाही आणि तो विझतो. फरक पडला की पेटतो. तेव्हा तो बॅटरीविषयी काही सांगत नाही आणि डायनामोविषयीही नाही. दोघांत तफावत पडली आहे एवढेच सांगतो. ती का पडली हे त्याला ठाऊक नसते. डायनामोतले कार्बन झिजले असतील, डायोड गेला असेल, रेग्युलेटर बिघडला असेल, बेल्ट सैल पडून घसरत असेल, किंवा मधल्या वायरचा जोड ढिला असेल. कारणे इतकी आणि दिवा एकच. अशा ठिकाणी नुसत्या दिव्यावरून एखाद्या कारणावर बोट ठेवणारा माणूस प्रत्यक्षात अंदाजावर पैज लावत असतो, आणि पैजेचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात.

ही अडचण न्यायसूत्रांच्या कर्त्याला, अक्षपाद गौतमाला, नेमकी दिसली होती. नदीला पाणी चढले यावरून वरच्या अंगाला पाऊस झाला असे अनुमान आपण करतो. त्यावर न्यायसूत्रांतच आक्षेप नोंदवलेला आहे की पाणी कुठे अडले तरीही नदी फुगते, मग अनुमानावर विश्वास का ठेवायचा? दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. नैयायिक सांगतात की दोष अनुमानाचा नसून पाहणाऱ्याचा आहे. पाणी चढले एवढेच त्याने पाहिले. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, त्यातून पाने, फळे, लाकडे वाहत येतात. बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्याला यांतले काही नसते. तेरणा नदीच्या काठावरच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. तो पाण्याची पातळी पाहत नाही, पाण्याची चाल पाहतो. फडफडणाऱ्या दिव्याचेही असेच आहे. फडफडतो, ही अर्धी बातमी झाली. कशासोबत फडफडतो हे कळले की ती पुरी होते. इंजिनचा वेग वाढवला की लुकलुकण्याचा वेगही वाढत असेल तर संशय चार्जिंगकडे जातो. रस्त्याच्या खड्ड्यासोबत, दार आपटल्यावर, गाडी वळणावर कलली की होत असेल तर कुठला तरी जोड ढिला आहे. इंडिकेटर लावला, ब्रेक दाबला किंवा हॉर्न वाजवला की त्याच ठेक्यात मीटरचा उजेड कमी-जास्त होत असेल तर अर्थिंग नीट नाही, कारण परतीची वाट अपुरी पडल्याने एकाचा प्रवाह दुसऱ्याच्या रस्त्यात शिरतो आहे. फक्त मीटरचाच उजेड हलतो आणि हेडलाइट स्थिर राहतो, असे असेल तर बोनेट उघडण्याचे काम नाही. दोष मीटरच्या मागे, तिथल्या कनेक्टरमध्ये किंवा उजेड कमी-जास्त करण्याच्या बटणात असतो. मालकाने गाडी आणताना ही बातमी सोबत आणली तर निम्मे निदान तिथेच होते. आपल्याकडे ती विचारली जात नाही आणि सांगितलीही जात नाही, ही मला खरी हानी वाटते.

यानंतर मोजणी येते. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर साधारण 12.6 व्होल्ट दाखवतो. इंजिन चालू झाल्यावर तो आकडा 13.8 ते 14.4 च्या दरम्यान गेला पाहिजे आणि हेडलाइट, पंखा लावल्यावरही फारसा खाली येता कामा नये. त्याच ठिकाणी मीटर एसी व्होल्टवर लावला आणि अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला, तर डायोडमधून उलटसुलट प्रवाह निसटतो आहे असा दाट संशय घ्यावा. आणि ज्याकडे कुणी पाहत नाही ती जागा म्हणजे बॅटरीचे वजा टोक आणि इंजिनचे अंग यांच्यामधली. सगळे दिवे लावून तिथला दाब मोजावा. तो व्होल्टच्या एक-दोन दशांशांपलीकडे गेला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा तिचा बोल्ट सैल आहे. शेवटी हात लावण्याची पाळी येते. गाडी चालू ठेवून वायरिंगचा एकेक जुडगा, एकेक कनेक्टर, एकेक थिंबल हलक्या हाताने हलवत जायचे आणि दुसऱ्याने मीटरवर नजर ठेवायची. ज्या जागी हलवल्यावर दिवा फडफडतो, सोडल्यावर थांबतो, पुन्हा हलवल्यावर पुन्हा फडफडतो, ती जागा सापडली. आपल्या शास्त्रकारांनी याला अन्वय आणि व्यतिरेक म्हटले आहे: कारण असताना कार्य असणे, आणि कारण काढल्यावर कार्य जाणे. यांतला केवळ एक भाग हाती असेल तर तो पुरावा लंगडा आहे. बॅटरी बदलल्यावर दिवा शांत झाला, हा फार तर व्यतिरेकाचा आभास. जुनी बॅटरी पुन्हा जोडून दिवा फडफडतो का हे कुणी पाहिले? पाहिले असते तर पुष्कळदा तो फडफडलाच नसता. कारण बॅटरी बदलताना तिच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर खरवडला गेला, क्लॅम्प नव्याने आवळला गेला, आणि खरे काम तिथेच झाले. न्यायशास्त्र ज्याला उपाधी म्हणते ती हीच. दोन गोष्टींच्या संबंधाच्या आड तिसरीच एक गोष्ट लपलेली असते आणि श्रेय भलत्याला मिळते. हजारो रुपयांची बॅटरी आणि एका पान्याचा अर्धा फेरा, या दोहोंपैकी कशाने गुण आला हे न कळणे ही किरकोळ चूक म्हणता येणार नाही.

तेर ढोकीच्या शेजारचे. सातवाहन काळापासूनचे ते व्यापारी नगर, ग्रीक खलाशांच्या नोंदीत तगर म्हणून आलेले. पण वारकऱ्याला ते गोरोबाकाकांचे तेर म्हणून ठाऊक आहे. गोरा कुंभाराची सर्वांना माहीत असलेली कथा मी इथे पुराव्यासारखी मांडतो. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारले की यांतली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती, ते पाहा. गोरोबा थापटणे घेऊन उठले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत गेले. बाकीचे शांत बसून राहिले. नामदेवांना ते सहन झाले नाही. आणि निवाडा झाला की हे मडके अजून कच्चे आहे. या कथेचे तात्पर्य अहंकाराविषयी सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यातली परीक्षेची रीत आपण पाहत नाही. ठेवलेली मडकी नजरेला सारखीच दिसतात. कुंभार त्यांच्याकडे बघत बसत नाही. तो ठोकतो, कारण कच्चेपणा विश्रांतीत दिसत नाही, धक्क्यात दिसतो. नामदेव एरवी शांतच होते. त्यांच्यातला दोष येऊन-जाऊन असणारा होता, आणि तो दिसण्यासाठी कुणाला तरी तो उभा करावा लागला. शिवाय कथा तिथे संपत नाही. दोष सापडल्यावर नामदेव विसोबा खेचरांकडे जातात, त्यांना गुरू मिळतो, आणि जे कच्चे होते ते भाजून निघते. परीक्षा अपमानासाठी नव्हती, दुरुस्तीसाठी होती. भक्तीच्या सर्वांत प्रेमळ परंपरेने, आणि तीही ढोकीपासून हाकेच्या अंतरावर, परीक्षेला असे मानाचे स्थान दिलेले असताना श्रद्धा आणि तपासणी यांचे वैर आहे असे कुणी म्हटले तर ते मला पटत नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप व्यवहारातला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हंगामाच्या दिवसांत कुणाला दोन तास वायरी हलवत बसायला वेळ आहे? पार्ट बदलून गाडी धावू लागली तर कारण कळले काय आणि न कळले काय! याला माझे उत्तर असे की अंदाजाने उपाय करून पाहणे यात कमीपणा नाही; उलट तीही निदानाची एक मान्य रीत आहे. आयुर्वेदात निदानाची जी पाच साधने सांगितली आहेत त्यांत उपशय हे एक आहे: काय दिल्याने बरे वाटते यावरून रोग ओळखणे. पण चरकसंहिता ज्या ठिकाणी लक्षणे लपलेल्या रोगाविषयी बोलते तिथे ती उपशय आणि अनुपशय अशा दोन्हींनी पारख करायला सांगते. कशाने बरे वाटते हेही पाहा, आणि कशाने वाढते हेही पाहा. जुन्या वैद्याला जे कळत होते ते आपण अर्धेच उचलले. चांगला पार्ट उसना लावून पाहणे योग्यच. मात्र दिवा शांत झाल्यावर जुना पार्ट एकदा परत लावून पाहायला दहा मिनिटे जादा लागतात, आणि त्या दहा मिनिटांत कळते की नव्याचे पैसे घ्यावेत की नाही. खरेच वेळ नसेल, तर मिस्त्रीने एवढे सांगावे की हे बदलले आहे, दिवा सध्या थांबला आहे, कारण अजून पक्के सापडलेले नाही. हे वाक्य बोलायला धैर्य लागते, कारण गिऱ्हाईक त्याचा अर्थ मिस्त्रीला काम येत नाही असा घेतो. म्हणजे दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. आपल्याला खात्रीने बोलणारा माणूस आवडतो, आणि आपण त्या खात्रीचे पैसे मोजतो. बुवा-महाराजांची दुकाने याच आवडीवर चालतात.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट बाजूने येतो. समजा, जोड हलवून तुम्ही दिवा दहा वेळा फडफडवला आणि दहा वेळा थांबवला. अकराव्या वेळी कारण दुसरेच नसेल कशावरून? चार्वाकांचा अनुमानावरचा मुख्य हल्ला हाच होता. सगळे धूर आणि सगळे अग्नी कुणी पाहिलेले नाहीत, तेव्हा धूर तिथे अग्नी हा नियम कधीच सिद्ध होत नाही. हा हल्ला पोकळ नाही, आणि येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाच्या बाबतीत तर तो जास्तच टोचतो, कारण एकाच गाडीत दोन ढिले जोड असू शकतात आणि एक सापडल्याच्या आनंदात दुसरा निसटतो. न्यायकुसुमांजलीच्या कर्त्याने, उदयनाचार्यांनी, याला दिलेले उत्तर मला आजही पुरेसे वाटते. शंका घ्यावी, जरूर घ्यावी, पण तिला एक हद्द आहे: शंका घेणाऱ्याची स्वतःची कृती जिथे त्या शंकेच्या आड येते तिथे ती संपते. अग्नीने धूर होतो याची खरोखर शंका असणारा माणूस धूर हवा म्हणून अग्नी पेटवायला जाणार नाही. कुठलाही जोड आवळून काही उपयोग होतो की नाही याविषयी ज्याला मनापासून शंका आहे त्याने पाना हातात घेण्याचे कारणच नव्हते. तेव्हा शंकेची हद्द मिस्त्रीलाही आखता येते. दोष उभा करून दाखवला, घालवून दाखवला, मग गाडी त्याच खडबडीत रस्त्यावर, तेवढेच दिवे लावून फिरवली. यापुढची शंका ही नव्या लक्षणाची वाट पाहणारी शंका आहे, सध्याच्या निर्णयाला अडवणारी नाही. गौतमाने मांडलेल्या सोळा पदार्थांत संशय तिसरा येतो आणि निर्णय नववा. मधल्या पाच पायऱ्या गाळून जो संशयावरून थेट निर्णयावर जातो तो चुकतो, आणि जो संशयावरच मुक्काम ठोकतो त्याची गाडीही दुरुस्त होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. गाडीचा दोष हाताने उभा करता येतो. आयुष्यातली मोठी संकटे कुठे उभी करता येतात? आणि धर्माचे प्रश्न तर त्यांच्याविषयीच असतात. या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे जमीनदोस्त केली, आणि 10 हजारांच्या आसपास माणसे गेली. त्याआधीच्या वर्षी त्या भागात लहान धक्के येऊन गेले होते. येत होते आणि थांबत होते. जगलेल्यांनी विचारले, का? पापामुळे, देवीच्या कोपामुळे, अशी उत्तरे अशा वेळी मिळतातच. 1934 च्या बिहार भूकंपानंतर खुद्द गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले होते, आणि अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात त्यांच्याच बाजूने असलेल्या रवींद्रनाथांनी त्यावर जाहीर हरकत घेतली होती. गांधीजींनी ती ‘हरिजन’मध्ये छापून तिला उत्तरही दिले होते. गांधीजींच्या हेतूविषयी मला आदर आहे, पण इथे रवींद्रनाथ बरोबर होते असे मी मानतो, आणि त्याचे कारण अन्वय-व्यतिरेकातच आहे. भूकंप कुणालाच उभा करून दाखवता येत नाही, भूगर्भशास्त्रज्ञालाही नाही. पण जिथे हात पोचत नाही तिथे निसर्गाने स्वतःच मांडून ठेवलेला फरक वाचता येतो. अस्पृश्यता साऱ्या देशभर होती, धरणी बिहारमध्ये हलली, आणि ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही सापडले. पाप असूनही शिक्षा नाही, आणि पाप नसूनही शिक्षा आहे. कारण म्हणून सांगितलेली गोष्ट अशी दोन्ही अंगांनी गळते. उलट किल्लारी-सास्तूरच्या बाजूला काय दिसले ते पाहा. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचा जड थर असलेली माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हलक्या छपराच्या झोपड्या पुष्कळशा उभ्या राहिल्या. तीच रात्र, तोच धक्का, फरक छपराच्या वजनाचा. भूकंप का झाला याचे हे उत्तर नाही. माणसे का मेली याचे आहे. आणि पुनर्वसनाची घरे बांधताना उपयोगी पडले ते हेच उत्तर. देवीच्या कोपाच्या उत्तरातून एकही भिंत हलकी झाली नसती.

उरतो चौथा आक्षेप, आणि तो श्रद्धाळू माणूस दुखावून घेतो म्हणून मी तो जपून हाताळतो. खंडेनवमीला गाडी धुऊन, हळदकुंकू वाहून, झेंडूचा हार घालणारा माणूस किंवा नवी गाडी आधी तुळजापूरला नेणारा माणूस कारणांचा सिद्धांत मांडत नसतो. मग त्याला मल्टिमीटरचा निकष कशाला? मला हे मान्य आहे. ज्या यंत्रावर घर चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडणे ही कृतज्ञता आहे, आणि कृतज्ञतेला अन्वय-व्यतिरेक लागत नाही. आईला नमस्कार करताना आपण त्याने काय घडते हे मोजत नाही. पण ज्या क्षणी कुणी म्हणतो की हार घातल्यामुळे अपघात टळला, लिंबू-मिरची बांधल्यामुळे दिवा फडफडायचा थांबला, त्या क्षणी त्याने कृतज्ञता सोडून कारणाविषयी विधान केले. आणि कारणाविषयीचे विधान कुणीही करो, मिस्त्री करो, पुजारी करो की शास्त्रज्ञ, त्याला एकच परीक्षा आहे. ती परीक्षा टाळल्याने श्रद्धेचे रक्षण होत नाही. तिच्या अंगावर एक खोटा दावा चिकटतो, आणि पुढे तो दावा खोटा पडला की माणूस दाव्यासोबत श्रद्धाही टाकून देतो. नवस फळला नाही म्हणून देव सोडून दिलेली माणसे काही कमी नाहीत. त्यांच्या देवाला कुणीतरी डायनामोच्या कामाला लावले होते.

तपासणी झाली म्हणजे ती योग्यच असते असेही नाही. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची एक जुनी खोड अजून पुष्कळ ठिकाणी आहे. गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला, बंद पडली तर वाईट. खऱ्या डायनामोच्या काळात हे खपून जात असे. आजच्या गाडीत बॅटरीच दाब सांभाळून धरते. ती अशी अचानक काढली की दाब उसळतो आणि रेग्युलेटर, मीटर, इंजिनचा कॉम्प्युटर यांपैकी काहीही जळू शकते. रोग्याला इजा करणारी परीक्षा हे निदान नव्हे. गोरोबांच्या हातात थापटणे होते, घण नव्हता.

आणि तरीही या सगळ्यांहून मला जास्त सलते ती एक युक्ती, जी गाडी विकायला काढताना वापरली जाते: इशाऱ्याचा बल्बच काढून ठेवणे. दिवा नाही, तक्रार नाही. फडफडणे थांबवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही, आणि धर्मसंस्थांनीही शंका विचारणाऱ्याला मेळ्यातून उठवून तो वेळोवेळी केलेला आहे. तेरच्या कथेत कच्चे कोण हा प्रश्न एका कोवळ्या वयाच्या मुलीने विचारला, आणि मेळ्यातल्या थोरांनी तिला गप्प केले नाही, हे इथे विसरता येत नाही. गाडीत या युक्तीचे पुढे काय होते तेही सांगण्यासारखे आहे. जुन्या बांधणीच्या अनेक गाड्यांत डायनामोला जागे होण्यासाठी जो सुरुवातीचा थोडा प्रवाह लागतो तो त्याच लाल बल्बमधून जातो. बल्ब काढला की इंजिन सुरू होऊनही डायनामो चार्जिंग धरत नाही, बॅटरीवरच सगळा भार येतो, आणि दोष नसलेली गाडीसुद्धा चार-दोन दिवसांत कुठेतरी उभी राहते. बल्ब साधा मिळतो, होल्डर घासून साफ करून बसवला की काम झाले. जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र इंजिन सुरू करण्याच्या आधी, नुसती चावी फिरवून, तो लाल दिवा लागतो का ते पाहावे. तिथे तो लागला, तरच नंतर विझण्याला काही अर्थ आहे.